चांगल्या घरातली मुलं आणि रात्री दोनचा टेम्पो

ड्रम नऊवारीत वाजवता येतात, पाचवारीत येत नाहीत. हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं. २००४ साली कल्याणमधल्या एका सोसायटीच्या कोजागरीला माझ्या निऱ्या हाय-हॅटच्या पेडलमध्ये अडकल्या, मी डावा पाय उचलला आणि झांजांसकट अख्खा स्टँड अंगावर घेतला. पुढे माइकवर जी गायिका होती तिने "आमच्या ताई रंगात आल्यात" म्हणून वेळ मारून नेली. मध्यंतरात आयोजक काका मागे आले. लागलं का विचारतील असं वाटलं. म्हणाले, "बाळा, तू पुढे उभी राहून गात का नाहीस? चांगल्या घरातली दिसतेस. मागे बसून काय बडवतेस?"

पाचवारीच नेसायची ही अट त्यांचीच होती.

मी आणि दादा डोंबिवलीचे. तो कीबोर्ड आणि अरेंजिंग, मी ड्रम्स, ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) आणि पुढे पुढे गाणं. गणपती, नवरात्र, सोसायट्यांचे वर्धापनदिन, कंपन्यांचे फॅमिली डे, लग्नातलं संगीत, आणि मधली पाच वर्षं मुंबईतल्या एका हॉटेलचा लाउंज, यावर गेली वीस-एकवीस वर्षं दोन घरं चालली आहेत. टीव्हीवर एकदाच दिसलो, तेही मागे आणि धूसर. "बँड काढायचाय, काय करू?" असं विचारणारी पोरं हल्ली दर महिन्याला येतात. वाद्यं कोणती, गाणी कोणती, इन्स्टाग्रामवर काय टाकायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. आपण लोकांना कसे दिसणार, आणि तसं दिसत राहण्याचं काम कोण किती तास करणार, याचा हिशोब मात्र कोणीच केलेला नसतो. मी मुख्यतः त्याबद्दल लिहिते आहे. कुठला ऑक्टोपॅड घ्यावा वगैरे यूट्यूबवर ढिगाने आहे.

आमची इमेज आम्ही ठरवली नव्हती. सख्खे भाऊ-बहीण, दोघंही पदवीधर, स्टेजच्या पाया पडून वर चढणारे, निर्व्यसनी (दादा घेतो, पण शो नसेल तेव्हाच आणि मोजून). एक आयोजक दुसऱ्याला फोनवर सांगायचा, "घरगुती ग्रुप आहे हो, फॅमिलीसमोर बिनधास्त बोलवा." या एका वाक्याने आम्हाला जितकी कामं मिळवून दिली तितकी आमच्या वाजवण्याने दिली असतील असं मला वाटत नाही. पहिली काही वर्षं याचा राग यायचा. लोक रात्र रात्र रियाज करून जे कमावतात ते आम्हाला केवळ चेहऱ्यावरून मिळतंय, हे टोचायचं.

फुकट काही नव्हतंच, हे नंतर कळलं. त्या वाक्याला कलमं होती आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. टपरीवर उभं राहून चहा प्यायचा नाही, स्टेजमागे मागवायचा. दादाशी भांडायचं ते टेम्पोत. गिटारवाला मुलगा मला स्कूटरवर घरी सोडायला आला की दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी फोन, "कालचे ते कोण होते?" माझं लग्न ठरलं तेव्हा तर एका आयोजकाने गंभीरपणे विचारलं, "मग आता बॅनरवर भाऊ-बहीण लावायचं की नाही?" जणू लग्नानंतर नातं रद्द होतं. लावलं अर्थात. चालणारी पाटी कोण उतरवणार?

हॉटेलच्या लाउंजमध्ये बास वाजवायला म्हापशाचे एक अंकल होते, सत्तरीला टेकलेले. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने फर्माईशींची यादी हातात दिली, त्यात बरीचशी गाणी कार्पेंटर्स या अमेरिकन भाऊ-बहिणीच्या बँडची. मी नाव ऐकून होते, बस्स. अंकलना ते काही रुचलं नाही. "अगो, तू ड्रम वाजवतेस, आणि तुला कॅरन माहीत नाही? ती ड्रमरच होती." मला वाटलं थट्टा करतायत. ज्या बाईच्या आवाजावर अर्ध्या जगाची संध्याकाळ जाते ती मागे बसून ड्रम बडवत होती? दुसऱ्या दिवशी त्यांनी एक सीडी आणि झेरॉक्स केलेले दोन लेख आणून दिले. तेव्हापासून या अमेरिकन भावंडांचा मी जमेल तसा पाठपुरावा केला आहे. नव्या मुलांना सांगायला मला त्यांच्याइतकं चपखल उदाहरण दुसरं सापडलेलं नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

रिचर्ड कार्पेंटर १९४६ चा, कॅरन १९५० ची. जन्म न्यू हेवनचा. १९६३ मध्ये घर कॅलिफोर्नियात डाउनीला आलं. शाळेत पीटीचा तास बुडवता यावा म्हणून कॅरन मार्चिंग बँडमध्ये गेली. तिथे तिच्या हातात ग्लॉकेन्स्पील पडलं, म्हणजे धातूच्या बारक्या पट्ट्यांवर छोट्या हातोडीने वाजवायचं ते. शेजारी ड्रमवाली पोरं मजा करतायत हे तिने पाहिलं आणि ड्रम मागून घेतले. १९६६ च्या जूनमध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावरच्या बँड-स्पर्धेत रिचर्ड, कॅरन आणि ट्युबा-बास वाजवणारा त्यांचा मित्र यांचं त्रिकूट पहिलं आलं. वाजवत होते जॅझ. ड्रमवर सोळा वर्षांची मुलगी. एका मोठ्या कंपनीशी करार झाला, रेकॉर्डिंगही झालं, पण ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात आलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रिचर्डने डिस्नीलँडमध्ये नोकरी धरली. तिथल्या मेन स्ट्रीटवर कोक कॉर्नर नावाचं ठिकाण आहे, तिथे पियानोवर शतकाच्या सुरुवातीची जुनी गाणी वाजवायची. लोक नवी गाणी मागायचे, हा वाजवायचा. शेवटी त्याला आणि त्याचा गीतकार मित्र जॉन बेटिस याला काढून टाकलं. का, तर फार आधुनिक वाजवतात. पुढे जगातला सर्वांत गुळगुळीत बँड म्हणून ज्याची टिंगल झाली तो माणूस या नोकरीतून बंडखोर म्हणून बाहेर पडला होता! त्यांनी त्या सुपरवायझरवर एक गाणं लिहिलं आणि पुढे अल्बमात घातलंसुद्धा. अंकल हा किस्सा दर महिन्याला सांगायचे, आणि सांगताना मॅनेजरच्या केबिनकडे बघायचे.

मग जो ऑस्बर्न नावाच्या नामांकित सेशन (म्हणजे स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्या) बासवादकाच्या गॅरेजातल्या स्टुडिओत रात्री-बेरात्री रेकॉर्डिंग, कॉलेजच्या कॉयरमध्ये गाणं, नकार, पुन्हा नकार. एप्रिल १९६९ मध्ये हर्ब अल्पर्टने त्यांना ए अँड एम या कंपनीत घेतलं. पहिला अल्बम फारसा चालला नाही. १९७० मध्ये 'क्लोज टू यू' चार आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरवर राहिलं आणि पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाली, त्यातलं एक नवोदित कलाकाराचं. नवोदित! पाच वर्षं घासल्यावर. आपल्याकडेही स्पर्धेच्या अर्जात 'नवोदित' चौकट असते. लाजू नका, भरा.

आता इमेज. व्हिएतनाम चालू आहे, पोरं केस वाढवून रस्त्यावर आहेत, आणि ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून, दात दाखवून, आईवडिलांच्या घरात राहून प्रेमगीतं म्हणतायत. कंपनीला आयतं मिळालं. अल्बमच्या मुखपृष्ठांवर भाऊ-बहीण इतके खेटून उभे केले की पाहणाऱ्याला ते नवरा-बायको वाटावेत. ते त्यांना स्वतःलाही खटकायचं. १९७३ च्या अल्बमवर रिचर्ड आपल्या लाल फेरारीतून कॅरनला घेऊन डाउनीच्या घरासमोरून चाललाय. गाडी श्रीमंताची, घर मध्यमवर्गीय. दोन्ही एका चित्रात बसवलंय, बघण्यासारखं आहे.

त्याच वर्षी १ मे रोजी ते व्हाइट हाउसमध्ये गायले, पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट पाहुणे होते म्हणून. निक्सनसाहेबांनी 'तरुण अमेरिका असावी तर अशी' अशा अर्थाची पाठ थोपटली. आदल्याच संध्याकाळी याच निक्सननी टीव्हीवरून आपल्या अगदी जवळच्या सहकाऱ्यांचे राजीनामे जाहीर केले होते, वॉटरगेट घोटाळ्यापायी. ज्याने कुठल्याही आमदाराच्या वाढदिवसाला कधी वाजवलंय त्याला हा प्रसंग मुळीच परका वाटणार नाही. स्वच्छ चेहरे कोणाला, कोणत्या दिवशी लागतात, हे वादकांना सगळ्यात शेवटी कळतं.

इमेज एकदा बसली की ती गाण्याच्या आत शिरते. 'सुपरस्टार' हे गाणं एका वादकाची वाट बघणाऱ्या मुलीचं. मूळ शब्दांत तिला त्याच्याबरोबर पुन्हा झोपायचं आहे. रिचर्डने क्रियापद बदललं, नुसतं 'बरोबर असायचं' केलं, कारण मूळ शब्द रेडिओवर चालले नसते. माझ्या मते गाण्याचं नुकसान झालं नाही, उलट तिची तगमग जास्त जाणवते. पण 'गुडबाय टू लव्ह'ची गोष्ट वेगळी आहे. त्यात रिचर्डने टोनी पेलुसो नावाच्या पोराला खरखरीत फझ गिटारचा सोलो वाजवायला लावला, ऐका एकदा, अंगावर काटा येतो. त्यावर चाहत्यांची संतापाची पत्रं आली. तुम्ही विकले गेलात, रॉकवाले झालात! आमच्याकडे पत्रं येत नाहीत, व्हॉट्सॲपवर येतं. आम्ही एकदा एका अभंगाला जरा जड बीट लावला तर "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" असा मेसेज एका आजोबांनी पाठवला. पहिल्या रांगेत बसून मान डोलावून गेले होते.

कॅरनचे ड्रम्स हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. ती स्वतःला गाणारी ड्रमर म्हणवून घ्यायची, वाजवणारी गायिका नव्हे. पण उंची बेताची. ड्रमसेटमागे बसली की प्रेक्षकांना बाईच दिसेना, नुसता आवाज. समीक्षक कुरकुरले, मॅनेजर कुरकुरले. १९७१ पासून स्टेजवर दुसरा ड्रमर आला आणि तिला उठवून पुढे उभं केलं. रेकॉर्डवर तर गाजलेल्या गाण्यांत बहुतेक वेळा हॅल ब्लेन वाजवायचा, लॉस एंजेलिसचा सेशन ड्रमर, त्या काळात अर्ध्या अमेरिकेचे ड्रम्स त्याचेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्टुडिओचे तास महाग असतात, ज्याचा हात बसलेला आहे तो वाजवणार. पण स्टेजवरून उठवण्याचं कारण वाजवणं नव्हतं, दिसणं होतं. १९७६ च्या दौऱ्यात तिच्यासाठी ड्रम्सचा खास आयटम ठेवला होता. त्याचं रेकॉर्डिंग पाहिलंत तर बघा, या ड्रमवरून त्या ड्रमकडे ती अक्षरशः पळतेय, आणि चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच फोटोग्राफरने सांगितलेलं वाटत नाही.

मलाही पुढे आणलं. कल्याणच्या त्या काकांचं ऐकलं नाही, पण तीन वर्षांनी गायिका ऐन गणपतीत दुसऱ्या ग्रुपला गेली आणि दादा म्हणाला, "दहा दिवस तू उभी राहा." ते दहा दिवस संपायला सहा वर्षं लागली. पैसे वाढले, खोटं कशाला बोलू. वादकाचं पाकीट आणि गायिकेचं पाकीट यांत तेव्हा दुपटीचा फरक होता, आणि दोन्ही कामं मीच केलेली असल्याने मला नेमकं माहीत आहे की मेहनत दुप्पट नसते. हात मात्र गेला. सहा वर्षांनी परत बसले तेव्हा साधा रूपक तालही पळत होता. म्हणून मुलींना, विशेषतः वाजवणाऱ्या मुलींना, एकच कळकळीचं सांगणं: पुढे या, पैसे घ्या, पण दर शोमध्ये दोन गाणी मागे बसून वाजवायची हे बोलणी करतानाच ठरवून घ्या. 'लेडी ड्रमर' म्हणून मिरवायला नव्हे. हात राहावा म्हणून. मी आता बुकिंगच्या मेसेजमध्येच ते लिहून टाकते, आणि गंमत म्हणजे आजवर एकाही आयोजकाने नाही म्हटलेलं नाही. आधी मीच कधी विचारलं नव्हतं.

पट्टीचंही असंच. आपल्या ऑर्केस्ट्रातल्या मुली लताबाई-आशाबाईंच्या मूळ पट्टीत गायला जातात, कारण ट्रॅक त्याच पट्टीत मिळतो आणि श्रोत्यांच्या कानात तीच असते. माझा आवाज खालचा. वर गेले की बारीक आणि घाबरलेला. वर्षभर मी तशीच ओढत होते. लाउंजमध्ये अंकलनी एका रात्री न सांगता चार पट्ट्या खाली सुरू केलं, दादाने ट्रान्सपोजचं बटण दाबलं, आणि मला पहिल्यांदा आपला आवाज ऐकू आला. कॅरनची सगळी जादू त्या खालच्या सुरांत आहे. शिवाय त्यांच्या रेकॉर्डवर मागे जो मोठा कोरस ऐकू येतो तो कोरस नाही, ही दोघंच आहेत. चार सूर, प्रत्येक सूर तीनदा गायचा, असे बारा आवाज एकावर एक रचायचे. रिचर्ड त्यात तासन्‌तास घालवायचा. मग स्टेजवरही तेच हुबेहूब उभं करायचा हट्ट, त्यामुळे रेकॉर्ड लावल्यासारखं वाटतं अशी टीका व्हायची. दादाचा स्वभाव अगदी हाच आहे, म्हणून मी यावर जास्त बोलत नाही.

बरं, आता पैशांचं, कारण त्यावर सगळे शेवटी हळू आवाजात विचारतात.

माझं पहिलं पाकीट ३०० रुपयांचं होतं. पाकीट बंद असतं, ते आयोजकांसमोर उघडून मोजायला चांगल्या घरातल्या मुलीला संकोच वाटतो. याच संकोचावर पुष्कळ लोकांचे बंगले झालेत. एका आयोजकाने आम्हाला सलग तीन वर्षं ठरलेल्यापेक्षा कमी दिलं. दर वेळी "तुम्ही घरचेच" म्हणून. दादाने एकदा तिथेच मोजलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू आम्हीच चोरी केली. पुढच्या वर्षी बोलावणं नाही. पुढच्याच्या पुढच्या वर्षी आलं, पूर्ण रकमेसकट. तेव्हापासून आमचा नियम, अर्धे पैसे तारीख देताना, उरलेले मध्यंतरात. शो संपल्यावर कधीच नाही, कारण शो संपल्यावर खजिनदार सापडत नाही. कंपनीचं काम असेल तर टीडीएस कापतील, त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि रिटर्न भरा. आम्ही पहिली सहा वर्षं ते पैसे सरकारला दान केले.

वेळ लिहून घ्या, गाण्यांची संख्या नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले परवानगीचे मोजके दिवस सोडले तर. कार्यक्रम सातचा असतो. पावणेआठला दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कारमूर्तींचे सत्कार, मग अध्यक्ष "मी दोनच मिनिटं घेतो" म्हणतात. नऊ वाजता तुम्हाला स्टेज मिळतं आणि दहाला पोलिसांची गाडी गेटवर. "तासभरच तर वाजवलंत, वीस गाणी ठरली होती" हे वाक्य प्रत्येक वादकाने ऐकलेलं आहे. आमच्या कागदावर आता 'सायंकाळी ७ ते १०, उपस्थिती' असं असतं. सत्कार ऐकत बसण्याचेही पैसे आम्ही घेतो.

गाण्यांच्या परवान्याची भानगड आयोजकाची असते, तुमची नाही, पण माहीत असू द्या. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिकिटाच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमात दुसऱ्याची गाणी वाजवली तर परवाना लागतो. लग्नाच्या कार्यक्रमांना कायद्यात सवलत आहे. यावर हॉलवाले आणि यजमान यांच्यात वाद झाला तर तुम्ही केबल गुंडाळत राहा, मध्ये पडू नका.

टेम्पो. याबद्दल कोणी बोलत नाही आणि आमच्या धंद्याचा अर्धा वेळ टेम्पोत जातो. शो तीन तासांचा असला तरी दिवस चौदा तासांचा. दुपारी दोनला सामान भरा, चारला पोहोचा, मंडपवाल्याचं स्टेज अजून व्हायचंच असतं. साउंडचेकला साउंडवाला हजर नसतो, जनरेटरवाला जेवायला गेलेला. मग शो. मग लोकांबरोबर फोटो, आणि इथे इमेजची खरी ड्युटी सुरू होते. ड्रम्सचे नट सोडवायचेत, टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि कोणाची तरी सात वर्षांची मुलगी तुम्हाला गाणं म्हणून दाखवतेय. हसायचं, आणि पूर्ण ऐकायचं. तीन कडवी असतील तर तीन. मी हे उपरोधाने लिहीत नाही. त्या मुलीचे आईवडील पुढच्या वर्षी सोसायटीच्या कमिटीत असतात. पण रात्री दोनला कल्याणच्या पत्री पुलावर टेम्पोत बसल्यावर गालाचे स्नायू दुखत असतात, आणि ते दुखणं कामाचंच आहे, हे कळायला मला दहा वर्षं लागली. आम्ही आता आळीपाळी करतो. एका शोला मी फोटो, दादा सामान. पुढच्याला उलट. दादा फोटोत वाईट दिसतो, पण न्याय तो न्याय.

खाण्याबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. गायिका म्हणून उभी राहायला लागल्यावर एका एजंटने सांगितलं, "बॅनरवर चेहरा गोल येतोय." एवढंच. मी रात्रीचं जेवण सोडलं. शोआधी पोट रिकामं, शोनंतर भूक मेलेली, सगळे म्हणत होते काय छान दिसतेस. चार महिने चाललं. एका रात्री लाउंजमध्ये दुसऱ्या सेटच्या आधी अंकलनी माझ्यासमोर ऑम्लेट-पाव ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसले. काही बोलले नाहीत. मी खाईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या झेरॉक्समधलं शेवटचं पान दिलं. ते त्यांनी आधी काढून ठेवलं होतं.

१९७५ मध्ये कॅरनची तब्येत इतकी ढासळली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. अतोनात दौरे आणि त्यात खाणं तोडलेलं. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, हा शब्द तेव्हा त्यांच्या घरात कोणाला धड माहीत नव्हता. रिचर्ड झोपेच्या गोळ्यांत अडकला आणि १९७९ मध्ये उपचारांसाठी दाखल झाला. त्या काळात कॅरनने न्यूयॉर्कला जाऊन एकटीचा अल्बम केला, तो दाबून ठेवला गेला आणि १९९६ मध्ये बाहेर आला. ती तोवर नव्हती. ४ फेब्रुवारी १९८३ ला डाउनीत आईवडिलांच्या घरी ती कोसळली, हृदय बंद पडलं. ३२ वर्षांची. तेव्हा कुठे लोक या आजाराबद्दल उघड बोलायला लागले.

त्यांच्या चित्रात आजाराला जागाच नव्हती. तरुण अमेरिका अशी असावी, म्हटल्यावर तिने आजारी कसं पडायचं? नव्या मुलींना मी हे घाबरवायला सांगत नाही. बँडमध्ये एक माणूस असा ठरवा जो तुम्ही जेवलात का हे विचारेल आणि ज्याला 'हो' म्हणून फसवता येणार नाही. आणि खाणं बिघडलंय असं वाटलं तर डॉक्टरकडे जा, लपवू नका, गणपती संपायची वाट बघू नका. आमच्या करारात आता शोआधी सहा वाजता जेवण अशी ओळ आहे. वडापाव चालत नाही, जेवण. दादाने ती घातली, मला न विचारता.

अंकल आता म्हापशाला असतात, बास भाच्याला दिलाय. मध्यंतरी फोनवर विचारत होते, "अजून पुढेच उभी राहतेस काय?" म्हटलं, निम्मी निम्मी. "आणि कपडे?"

कपड्यांचं राहिलंच. पारंपरिक वेशाची अट आजही सत्तर टक्के कामांना येते, त्यावर वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. शिवलेली नऊवारी घ्या, दादरला हव्या त्या रंगात मिळते. मात्र तयार घेतलीत तर घोट्याशी लांब पडते, पाय दाबला की काठ पेडलखाली जातो. शिंप्याकडे पेडलवर बसतो तसं गुडघ्यात पाय दुमडून माप द्या आणि दीड इंच आखूड करायला सांगा. माझा शिंपी पहिल्यांदा म्हणाला, "ताई, लोक बघतील, पाय दिसेल." त्याला म्हटलं, बघू देत, पायानेच वाजवायचंय.